मानीव : कुळकायद्यातील एका विशेषणाविषयी

उत्प्रेक्षा शिकविताना आपण 'जणू', 'गमे', 'भासे', 'वाटे' हे वाचक शब्द फळ्यावर लिहितो आणि पुढे सरकतो. कायद्याच्या भाषेतही उत्प्रेक्षेच्या जवळची एक रीत आहे, तिकडे आपले लक्ष सहसा जात नाही. जी गोष्ट प्रत्यक्ष घडलेली नाही ती घडली आहे असे कायदा 'मानतो', आणि मराठी अधिनियमांत त्यासाठी 'मानीव' हे विशेषण रूढ झाले आहे. कवीचे 'जणू' कोणावर बंधनकारक नसते. कायद्याचे 'मानीव' मात्र जमिनीची मालकी फिरवू शकते. मुंबई राज्याच्या कुळकायद्यात तसे घडले, म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनीही तो कायदा एक संहिता म्हणून वाचावा असे आम्हांस वाटते.

प्रथम 'कूळ' हा शब्द पाहू. वंश, घराणे हा त्याचा अर्थ कुळाचार, कुलदैवत या शब्दांत टिकून आहे. सावकाराच्या वहीत कूळ म्हणजे ऋणको, आणि जमीनदाराच्या लेखी कूळ म्हणजे खंड देऊन त्याची जमीन कसणारा. ज्याच्या नावावर काही येणे आहे तो कूळ, असा हा व्यवहारातील अर्थ. प्रतिष्ठेचा आणि पराधीनतेचा असे दोन अर्थ एकाच शब्दात इतकी वर्षे शेजारी नांदले.

१९३९ च्या कायद्याने काही कुळांना 'संरक्षित' हे विशेषण मिळाले. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने, म्हणजे त्या वर्षीच्या ६७ व्या अधिनियमाने, ते संरक्षण वाढविले. दुसऱ्याची जमीन कायदेशीर रीतीने कसणारा माणूस, मालक स्वतः ती कसत नसेल तर, कूळ मानला जाईल, असे त्याचे चौथे कलम सांगते. मोठी उडी घेतली ती १९५६ च्या दुरुस्तीने. १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि त्या दिवशी पात्र कुळाने आपल्या कसणुकीतील जमीन मालकाकडून खरेदी केली आहे असे मानले गेले. सौदा नाही, दस्त नाही, कुळाची मागणीही नाही. सकाळी नांगर धरणारा माणूस मानीव खरेदीदार झाला. त्याला ते ठाऊक असो वा नसो. किंमत मागाहून शेतजमीन न्यायाधिकरणाने ठरवायची होती. सामान्य कुळासाठी ती आकाराच्या वीस पटींहून कमी नाही आणि दोनशे पटींहून अधिक नाही, आणि हप्त्यांची सोय होती. (हा कायदा जुन्या मुंबई राज्याच्या मुलखाचा, मराठवाड्यात १९५० चा हैदराबादचा आणि विदर्भात १९५८ चा स्वतंत्र कायदा.)

पण मानण्याची ही कला कायद्याने मालकासाठीही वापरली. 'व्यक्तिशः कसणे' याची व्याख्या पाहावी. स्वतःच्या श्रमाने कसणे त्यात आहेच, कुटुंबीयांच्या श्रमाने कसणेही आहे. पण मजुरी देऊन, आपल्या देखरेखीखाली, मजुरांकडून कसून घेणे हेसुद्धा व्यक्तिशः कसणेच! 'कसेल त्याची जमीन' या घोषणेतील क्रियापदाचा कर्ता येथे किती अलगद बदलला! या व्याख्येच्या आधारे मालकाला जमीन परत मागता येत होती. त्यासाठी ३१ डिसेंबर १९५६ पर्यंत नोटीस आणि ३१ मार्च १९५७ पर्यंत मामलेदाराकडे अर्ज अशी मुदत होती. पण नोटिशीचीही गरज पडू नये अशी वाट त्याआधीच सापडली होती. कुळाने 'राजीखुशीने' जमीन सोडायची. वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदानपूर यांनी १९४८ च्या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली. पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे १९५७ साली तिचा अहवाल निघाला, आणि अशा स्वेच्छेच्या राजीनाम्यांचा प्रश्न त्यातून ठळकपणे पुढे आला. सातबाऱ्यावर 'खुद्द' हे एक अक्षरजोड उमटले की कुळाचे अस्तित्व कागदावरून पुसले जाई. ज्याला लिहिता येत नाही त्याच्याविषयी दुसऱ्याने लिहिलेला हा मजकूर होता.

आणखी गुंतागुंत झाली ती एका दयेच्या तरतुदीतून. मालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल, तर कृषक दिनाला मानीव खरेदी होणार नव्हती. ती लांबणीवर पडली. हेतू योग्यच होता. नवरा गेलेल्या बाईची चार एकर जमीन एका रात्रीत जाऊ नये, हे कोणास पटणार नाही? ती विधवा निवर्तली की तिच्या वारसाला जमीन परत मागण्यासाठी एक वर्ष, आणि त्यानंतरच्या एका वर्षात कुळाने खरेदीची इच्छा कळवायची, असा क्रम ठरला. अज्ञान मालकाने सज्ञान झाल्याचे कुळाला कळवावे, अशी जबाबदारी पुढील दुरुस्तीत आली. विधवेच्या वारसावर मात्र तसे कळविण्याचे बंधन घातले गेले नाही. बाई मुंबईस मुलाकडे वारली आणि कूळ रत्नागिरीच्या एखाद्या खेड्यात भात लावीत असले, तर वर्ष केव्हा सुरू झाले आणि केव्हा सरले हे त्याने कसे जाणावे? जो न मागता मालक व्हायचा होता, तो न मागितल्यामुळेच हक्काला मुकला.

आमच्या कादंबरीने खोतांच्या, इनामदारांच्या वाड्यांची पडझड मोठ्या आत्मीयतेने रंगविली. कुळकायद्यात जमीन गेल्याचे दुःख मध्यमवर्गीय आत्मकथनांतूनही पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते, आणि ते खोटे नाही. एक-दोन एकरांवर जगणारे मालकही त्यात भरडले गेले. मात्र हप्ते फेडून खरेदीचे प्रमाणपत्र हाती घेणाऱ्या कुळाचे, किंवा मुदत चुकल्याचे वीस वर्षांनी कचेरीत कळलेल्या कुळाचे चित्र आमच्या वाचनात क्वचितच आले. ज्यांच्या घरात लेखन होते त्यांचीच हानी लिहिली गेली, असे म्हणावे लागते.

विधवेच्या जमिनीचा हा प्रश्न न्यायालयांतून फिरत राहिला. मुदतीत न कळविणाऱ्या कुळाचा हक्क संपतो, असेच सर्वोच्च न्यायालय आधी म्हणत आले होते. २०१९ च्या सप्टेंबरात त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते निर्णय बाजूस सारले. विधवेचा त्या जमिनीतील हितसंबंध संपल्याचे तिच्या वारसाने कुळाला कळविले पाहिजे, असे त्या पीठाने ठरविले. कृषक दिनाला तेव्हा बासष्ट वर्षे झाली होती.