‘करावे’ आणि ‘शॅल’

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आपला इंग्रजी अर्ज तपासून घेण्यासाठी आमच्याकडे आला. बहिणीच्या लग्नासाठी त्याला आठ दिवसांची रजा हवी होती. अर्जात त्याने वरिष्ठांना लिहिले होते, ‘यू मस्ट ग्रँट मी लीव्ह.’ मुलगा स्वभावाने अत्यंत नम्र. त्याच्या मनातले मराठी वाक्य होते, ‘आपण मला रजा द्यावी.’ इंग्रजीत उतरताना त्या विनंतीची ताकीद झाली होती. आम्ही ‘मस्ट’ खोडून ‘वुड’ घातले, वाक्य नीट जुळवून दिले आणि अर्ज मार्गी लागला. परंतु त्या एका शब्दाने आम्हांला पुष्कळ दिवस विचारात पाडले.

दोष केवळ त्या मुलाचा नव्हता. मराठी व्याकरणात ज्याला ‘विध्यर्थ’ म्हणतात, त्या ‘-आवे’ प्रत्ययाच्या एकाच रूपाने आपण कितीतरी कामे करून घेतो. ‘मुलांनी आईवडिलांची आज्ञा पाळावी’ यात कर्तव्य आहे. ‘आपण आत यावे’ यात विनंती आहे. ‘यंदा पाऊस चांगला पडावा’ यात इच्छा आहे, तर ‘एव्हाना तो घरी पोहोचला असावा’ यात तर्क. इंग्रजीत मात्र कर्तव्याला ‘शुड’, विनंतीला ‘वुड’, इच्छेला ‘मे’ आणि तर्काला ‘मस्ट’ असे निरनिराळे शब्द लागतात. मराठीत हा भेद प्रसंगावरून आणि आवाजावरून कळतो. कागदावर मात्र आवाज उमटत नाही.

या विध्यर्थाचा इतिहास आपल्या वऱ्हाडाशी निगडित आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे स्थान. येथेच म्हाइंभटांनी सुमारे १२७८ मध्ये ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. चक्रधरस्वामींची वचने केसोबासांनी ‘सूत्रपाठा’त एकत्र केली. त्यांतील आचारविषयक सूत्रांत ‘-आवे’ हे रूप वारंवार येते. शिष्यांनी कसे राहावे, कोठे जावे, काय टाळावे, हे सारे त्या प्रत्ययावर उभे आहे. गुरूचे वचन ही आज्ञा समजावी की अनुज्ञा, हा प्रश्न अशा ठिकाणी केवळ शब्दांचा राहत नाही. पुढे त्याच पंथातील भीष्माचार्यांनी सूत्रांचा अर्थ लावण्यासाठी ‘पंचवार्तिक’ रचले. मराठी व्याकरणाचा तो आद्य प्रयत्न मानला जातो. आचरणाच्या निकडीतून आपल्या भाषेत व्याकरणाचा विचार सुरू झाला, ही गोष्ट आम्हांला मोलाची वाटते. त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे.

धर्मोपदेशाच्या निकडीतूनच पुढे परदेशी मिशनरीही आपल्या भाषांच्या व्याकरणाकडे वळले. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले आणि त्यांनी लिहिलेले कोकणी भाषेचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, प्रसिद्ध झाले. जन्माने इंग्रज असलेल्या या धर्मगुरूने ते व्याकरण पोर्तुगीज भाषेत लिहिले होते. बंगालमधील श्रीरामपूर येथे प्रॉटेस्टंट मिशनरी विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथांच्या साहाय्याने मराठीचे व्याकरण तयार करून १८०५ मध्ये प्रसिद्ध केले. ते इंग्रजीत होते. दादोबा पांडुरंगांचे मराठीतून लिहिलेले व्याकरण १८३६ मध्ये आले, आणि १९११ मध्ये मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’. उलट दिशेने मराठी मुलांना इंग्रजीकडे नेण्याचे काम तर्खडकरांच्या ‘भाषांतरपाठमाले’ने पिढ्यान्‌पिढ्या केले. आधी मराठी वाक्य, मग त्याचे इंग्रजी, अशी ती पद्धत होती.

आम्ही शाळेत असताना इंग्रजी पाचवीपासून शिकवीत. (राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली.) ‘कॅन म्हणजे शकणे, मे म्हणजे परवानगी, मस्ट म्हणजे पाहिजे’ असे आम्ही घोकले. सेमिनरीत गेल्यावर रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण हाती आले आणि ‘शॅल’ व ‘विल’ यांच्या नियमाने आम्हांला हैराण केले. साध्या भविष्यकाळी प्रथमपुरुषात ‘शॅल’ आणि इतरत्र ‘विल’. निश्चय वा आज्ञा असेल तर नेमके उलट! या नियमाची पहिली मांडणी जॉन वॉलिस नावाच्या गणितज्ञाने १६५३ मध्ये, लॅटिन भाषेत लिहिलेल्या आपल्या इंग्रजी व्याकरणात केली होती. आज खुद्द इंग्रज मंडळीही तो फारशी पाळत नाहीत. यात नवल नाही. प्रमाण मराठीत ‘मी येईन’ आणि ‘तो येईल’ असा पुरुषभेद आहे. पण आपल्या वऱ्हाडीत ‘मी येईन’ आणि ‘तो बी येईन’. लोकांच्या तोंडी असे भेद हळूहळू झिजतात.

हे शब्द मुळात आले कोठून, हे पाहिले म्हणजे घोकंपट्टीचा भार हलका होतो. जुन्या इंग्रजीत ‘कॅन’चा अर्थ जाणणे, ‘मे’चा अर्थ बळ असणे, ‘विल’चा अर्थ इच्छिणे. ‘शॅल’चा अर्थ होता ऋणी असणे, देणे लागणे. जर्मन भाषेत ‘शुल्ड’ म्हणजे ऋण आणि अपराधही. चौथ्या शतकात उल्फिला यांनी गॉथिक भाषेत बायबल उतरविले, तेव्हा प्रभूच्या प्रार्थनेतील ‘ऋणी’ या अर्थी त्यांनी योजलेला शब्द ‘शॅल’चाच सगोत्र आहे. मराठीचेही तसेच. ‘करावे’तील ‘-आवे’ हा संस्कृत ‘-तव्य’पासून आला, म्हणजे ‘करावे’ आणि ‘कर्तव्य’ ही एकाच घरची भावंडे. ‘पाहिजे’ म्हणजे मुळात ‘पाहिले जाते’, ज्याची वाट पाहिली जाते ते. आणि वऱ्हाडी माणूस ‘मले जा लागते’ म्हणतो, तेव्हा गरज त्याला बाहेरून चिकटलेली असते. इंग्रजीत तेथे ‘हॅव टू’ शोभते.

शब्दांच्या या भेदाचे खरे वजन कायद्यात कळते. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि पुढे इंग्रजी कायद्याची भाषा या प्रांतात आली. त्या भाषेत ‘शॅल’ म्हणजे बंधन, ‘मे’ म्हणजे सामान्यतः मुभा. १८६० च्या भारतीय दंडविधानातील शिक्षेच्या कलमांत ‘शॅल’ आहे. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेतलेल्या भारतीय न्याय संहितेतही तोच आहे.

परंतु सर्वांत बोलके उदाहरण आपल्या संविधानाचे आहे. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख ज्या संविधान सभेचे सदस्य होते, तिच्यापुढे मोफत प्राथमिक शिक्षणाचे कलम २३ नोव्हेंबर १९४८ रोजी आले. मसुद्यात आधी नागरिकाचा हक्क सांगितला होता आणि मग राज्याचे प्रयत्न. सभेने हक्काचे शब्द वगळले. पुढे कलम ४५ मध्ये ‘शॅल’ राहिला, पण त्याला ‘एंडेव्हर’ हे क्रियापद जोडलेले होते. राज्याने दहा वर्षांत शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा, एवढेच बंधन. दहा वर्षे गेली, आणखी चार दशके गेली. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने कलम २१क आले आणि ‘शॅल’पुढे ‘प्रोव्हाइड’ बसले. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना राज्याने शिक्षण दिलेच पाहिजे. त्याच कलमात ते कोणत्या रीतीने द्यावे याविषयी मात्र ‘मे’ आहे. रीत ठरविण्याची मुभा राज्याला, टाळण्याची नाही. मेळघाटातील एखाद्या कोरकू मुलीच्या शाळेचा प्रश्न अशा एका क्रियापदावर अर्धे शतक अडून राहू शकतो. आपल्या धर्मप्रांतातील शाळांना आधार देणारे कलम ३०देखील ‘शॅल’नेच अल्पसंख्याकांचा हक्क सांगते.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. ‘मस्ट म्हणजे पाहिजे’ एवढे घोकवून थांबू नका. मुलाला विचारावे, येथे कोण कोणाशी बोलत आहे? तो मागतो आहे, सुचवितो आहे, की बजावतो आहे? मागणाऱ्याने ‘कुड’ वा ‘वुड’ वापरावे. हिताचा सल्ला ‘शुड’ने द्यावा. ‘मस्ट’ जपून, खरोखर निरुपाय असेल तेथेच वापरावा. मुलाला आपल्या ‘करावे’तील छटा आधी उमगल्या, तर इंग्रजीचे हे छोटे शब्द त्याला परके वाटणार नाहीत.

तो तरुण पुढे पुन्हा एकदा अर्ज घेऊन आला. या वेळी कोठेच ‘मस्ट’ नव्हता. उलट जेथे त्याचा न्याय्य हक्क होता, तेथेही त्याने भीत भीत ‘मे’ लिहिले होते. तेव्हा ते खोडून तेथे ‘शॅल’ घालायला आम्हीच त्याला सांगितले.