निरोप धाडणे आणि निरोप पकडणे

पिंपळे गुरवहून पवना ओलांडली की दापोडी, आणि दापोडीहून मुळा ओलांडली की खडकी. १९२७ साली याच खडकीचा इंग्लंडशी थेट बिनतारी संपर्क सुरू झाला. १८७० पासून मुंबई-लंडन तारा समुद्रतळाच्या केबलीतून जात होत्या. मार्कोनी कंपनीच्या ‘बीम’ पद्धतीत रेडिओलहरी चहूकडे न उधळता एकाच दिशेने सोडल्या जात. खडकीहून निरोप निघे, येणारा निरोप दौंडला पकडला जाई. आमच्या भागात खडकीची आठवण थोडीफार टिकली आहे. दौंडची कुणी काढत नाही. धाडणाऱ्याचे नाव राहते, पकडणाऱ्याचे विसरले जाते. दूरसंचाराच्या इतिहासात मात्र अवघड काम बहुधा दुसऱ्याचेच असते.

पुणे जिल्ह्यातच याचा आणखी एक दाखला आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे ‘स्कियापारेली’ यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संदेश नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय दुर्बिणीने टिपला. अंतर सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर. यान कोसळले, पण शेवटच्या क्षणांपर्यंतचा त्याचा आवाज प्रथम ऐकला तो खोडदने.

रेडिओलहरींना मात्र आडोसा चालत नाही. मंगळ सूर्याआड गेला की संपर्क विस्कळीत होतो. जून २०१५ मध्ये आपल्या मंगळयानाशी संपर्क सुमारे पंधरा दिवस असाच खंडित होता. मग सूर्यालाही न जुमानणारा निरोप्या कोणता? न्यूट्रिनो. १९३० साली पाउलीने हा विद्युतभाररहित कण कल्पिला, १९५६ मध्ये राइन्स आणि कोवन यांनी तो अणुभट्टीजवळ शोधून दाखवला. पृथ्वीतून तो आरपार जातो. हाच त्याचा गुण आणि हाच दोष: जो कशालाही अडत नाही, तो आपल्या यंत्रालाही अडत नाही.

या कणाला पकडण्याच्या इतिहासात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे पान मोठे आहे. १९५१ मध्ये होमी भाभांच्या सूचनेवरून बी. व्ही. श्रीकांतन कोलारच्या सोन्याच्या खाणीत विश्वकिरण मोजायला उतरले. खोल जावे तसे म्युऑन कण विरळ होत गेले, आणि अगदी खालच्या पातळीवर तर दोन महिन्यांत एकही नोंद झाली नाही. सामान्यतः रिकामी वही म्हणजे फसलेला प्रयोग. इथे तीच खूण ठरली: एवढी शांतता असेल, तर न्यूट्रिनोची दुर्मीळ चाहूल इथेच लागेल. एम. जी. के. मेनन यांच्या पुढाकाराने, ओसाका आणि डरहॅम येथील शास्त्रज्ञांसह, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर उपकरणे मांडली गेली. १९६५ मध्ये वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची नोंद झाली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत राइन्स यांच्या गटालाही ते सापडले.

कोलारचा प्रयोग संदेशवहनासाठी नव्हता. पण पकडता येते हे कळल्यावरच धाडण्याचा विचार सुचतो. १९७९ मध्ये ताऱ्या-ताऱ्यांत न्यूट्रिनोंनी संदेश पाठवण्याच्या कल्पना छापून आल्या. २००९ मध्ये लर्नेड, पाकवासा आणि झी यांनी आकाशगंगेच्या पल्ल्यासाठी तसा प्रस्ताव मांडला. प्रत्यक्ष प्रयोग २०१२ मध्ये अमेरिकेच्या फर्मीलॅबने केला. सुमारे एक किलोमीटर अंतर, त्यात २४० मीटर खडक, आणि पलीकडे पोहोचलेला शब्द ‘न्यूट्रिनो’. वेग दहा सेकंदांना एक बिट. प्रत्येक झोताला सुमारे साडेबावीस लाख कोटी प्रोटॉन खर्ची पडत. पलीकडच्या १७० टनांच्या यंत्रात सरासरी एक न्यूट्रिनोही सापडत नसे. म्हणजे अंतराळातल्या या टपालाला आज अडले आहे ते दौंडपाशी, खडकीपाशी नव्हे.

कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. तमिळनाडूतील बोडीच्या डोंगरात नवी न्यूट्रिनो वेधशाळा उभारायला केंद्राने २०१५ मध्ये मंजुरी दिली. डोंगर, पाणी आणि जंगल यांच्या काळजीतून झालेला विरोध आणि न्यायालयीन वाद यांत ती अडकली. ती काळजी खोटी म्हणून झटकून टाकता येणार नाही. पण ज्या देशाने खाणीतल्या शांततेचा अर्थ एवढ्या लवकर ओळखला, त्याच्याकडे आज ऐकायला तशी खोल जागा नाही, ही खंतही खोटी नाही.