लेखणीचा शीण

आजचा विषय मी इतिहासातून घेतला असला, तरी तो आपणांपैकी पुष्कळांच्या घरातलाच आहे. दिवसभर कचेरीत किंवा शाळेत राबून जे उरलेल्या वेळात लेखन करतात, चित्रे काढतात अथवा गाण्याची मेहनत करतात, त्यांच्या वाट्याला एखादे वेळी असा दिवस येतो की, हात जागच्या जागी थांबतो. अंगात ताप नसतो, दुखणे म्हणून काही दाखविता येत नाही. पण कोरा कागद पुढे ओढला की मनाला शिसारी येते. काल जे काम जीव की प्राण होते, ते आज वैऱ्यासारखे भासते. आळशी मनुष्याला हा अनुभव सहसा येत नाही. तो येतो कामसू माणसाला, आणि म्हणूनच त्याला त्याची लाज वाटते.

अवस्था जुनी, परंतु तिला शास्त्रीय नाव अलीकडे मिळाले. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली तिच्यासाठी ‘बर्नआउट’ म्हणजे ‘जळून संपणे’ हा शब्द वापरला. पुढे २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिची व्याख्या केली ती रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा तुच्छता, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही जाणीव, अशी तिची तीन लक्षणे सांगितली आहेत. नाव नवे असले तरी या अवस्थेशी झुंजलेली माणसे जुनी आहेत. त्यांपैकी एकाच काळातील, एकाच देशातील व एकाच धंद्यातील दोन पुरुषांची हकीकत मी आज सांगणार आहे.

पहिले चार्ल्स डिकन्स. त्यांचा जन्म १८१२ सालचा. त्या काळी इंग्लंडात कादंबरी मासिक हप्त्यांनी छापून विकण्याची चाल पडली होती. डिकन्स यांचे ‘पिक्विक पेपर्स’ १८३६ च्या एप्रिलात याच रीतीने निघू लागले व थोड्याच महिन्यांत घरोघर त्याची वाट पाहिली जाऊ लागली. ते चालू असतानाच १८३७ च्या फेब्रुवारीत ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ सुरू झाले, आणि ज्या मासिकात ते येई त्याचे संपादनही त्यांच्याकडेच होते. वय अवघे पंचवीस! म्हणजे एका हाताने हसविणारी कथा, दुसऱ्या हाताने रडविणारी कथा, आणि वर संपादकाचे मेज. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांच्या पत्नीची धाकटी बहीण, सतरा वर्षांची मुलगी, त्यांच्या घरी अकस्मात वारली. डिकन्स यांना लिहिणे अशक्य झाले, आणि जूनमध्ये दोन्ही कथांचे हप्ते चुकले. मजकूर शिलकेत नव्हता. लेखक एक महिना खाली बसला, तर छापखानाही खाली बसला.

हातावर पोट असलेल्या मजुराची जी स्थिती तीच येथे लेखकाची होती. धनाने नव्हे, मजकुराने हातावर पोट!

विश्रांतीची गरज डिकन्स यांना कळत नव्हती असे नाही. १८४१ साली त्यांनी प्रकाशकांशी करार करून एक वर्षाची सुट्टी मिळविली. पण त्या सुट्टीत ते अमेरिकेस गेले. तेथे दर्शनोत्सुकांच्या गर्दीने त्यांना गाठले, आणि परत येऊन त्यांनी त्या प्रवासावरच पुस्तक लिहिले. पुढे १८४४ साली इटलीत राहावयास गेले, तेथेही एक गोष्ट लिहून पाठविलीच. सुट्टी मिळे, पण ती रिकामी ठेवण्याची कला त्यांना साधली नाही.

१८५० पासून साप्ताहिकाचे संपादन त्यांच्यामागे लागले ते शेवटपर्यंत. १८५८ पासून तर त्यांनी आपल्याच कथांची जाहीर वाचने पैसे घेऊन सुरू केली. ही वाचने म्हणजे एकट्याने केलेले संपूर्ण नाटकच. १८६५ च्या जूनमध्ये आगगाडीच्या भयंकर अपघातातून ते वाचले, तथापि त्याचा धसका गेला नाही. तरीही १८६७ च्या अखेरीस ते वाचनांसाठी पुन्हा अमेरिकेस गेले. १८६९ च्या आरंभी त्यांनी ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधील खुनाचा प्रसंग वाचण्यास घेतला. तो प्रसंग त्यांना इतका झोंबे की, अखेरच्या वाचनांच्या वेळी डॉक्टर आधी व नंतर त्यांची नाडी मोजीत. त्यापूर्वीच, १८६९ च्या एप्रिलमध्ये, डॉक्टरांनी त्यांचा दौरा मध्येच बंद पाडला होता. तरी १८७० साली लंडनमध्ये निरोपाची वाचने झालीच. त्याच वर्षी ९ जून रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, ते वारले. चालू कादंबरीचे बारा हप्ते ठरले होते. लिहून झाले होते सहा. खुनाचा उलगडा आजतागायत झालेला नाही.

आता दुसरे गृहस्थ पाहा. अँथनी ट्रॉलप हे डिकन्स यांच्याहून तीन वर्षांनी लहान. त्यांचा चरितार्थाचा धंदा टपालखात्यातील नोकरी. १८३४ साली ते खात्यात शिरले आणि १८६७ साली बाहेर पडले. कामासाठी गावोगाव हिंडावे लागे. त्यांनी आगगाडीच्या डब्यात मांडीवर पाटी ठेवून पेन्सिलीने कादंबऱ्या लिहिल्या, व पत्नीने त्यांच्या स्वच्छ प्रती केल्या. एवढी दगदग असून त्यांच्या नावावर सत्तेचाळीस कादंबऱ्या आहेत.

हे कसे साधले, ते त्यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगून ठेवले आहे. पहाटे साडेपाच वाजता मेजावर बसावयाचे. त्यासाठी कॉफी आणून उठविणाऱ्या नोकराला वर्षाला पाच पौंड जादा दिले होते. पहिला अर्धा तास कालचे लेखन वाचण्यात जाई. पुढे घड्याळ समोर ठेवून पाव तासाला अडीचशे शब्द. साडेआठ वाजता लेखणी खाली! मग न्याहारी, कचेरी, आणि आठवड्यातून घोड्यावरून शिकारही. शिवाय कादंबरी पुरी झाल्याखेरीज तिचा पहिला भागही छापावयास द्यावयाचा नाही, असा त्यांचा दंडक होता. १८६० साली ‘फ्रॅम्ले पार्सनेज’च्या वेळी तो मोडला, आणि पुन्हा मोडला तो आयुष्याच्या अखेरीस. १८८२ च्या डिसेंबरात ते वारले तेव्हा जी कादंबरी छापून येत होती ती पुरी झालेली नव्हती, आणि अपुरी राहिली ती तेवढीच.

हे आत्मचरित्र त्यांच्या पश्चात १८८३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा कित्येक टीकाकारांनी नाके मुरडली. घड्याळ लावून लिहिणारा तो कारकून, कवी कसला, असा त्यांचा सूर होता. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. प्रतिभेचा तराजू घेतला तर डिकन्स यांचे पारडे जड, हे मीही मान्य करतो. मग ट्रॉलप यांची रीत आपण का शिकावी?

माझे उत्तर असे आहे. डिकन्स हे लिहून थकले असे मला वाटत नाही. त्यांच्या कामाला कोठे बांध नव्हता, म्हणून ते थकले. संपादनात वाचक, लेखनात वाचक, व्यासपीठावर पुन्हा तेच वाचक. एका शेतातले पाणी दुसऱ्यात शिरत होते. ट्रॉलप यांनाही दोन धंदे होते. परंतु टपालाच्या थैल्यांचा विचार करणारे मन वेगळे आणि बिशपांच्या घरातील कलह रंगविणारे मन वेगळे. दोहोंमध्ये साडेआठचा बांध होता. एका कामात दुसऱ्याची विश्रांती मिळत असे. दुसरे असे की, ट्रॉलप यांच्या कणगीत नेहमी धान्य असे. घरात दुखणे आले, मन उडाले, तरी छापखान्याचा माणूस दारात उभा नसे. कामांची संख्या माणसाला तेवढी जाळीत नाही, जेवढी बांधाची उणीव आणि रिकामी कणगी जाळते.

आपल्याकडेही या धंद्याचा भार वाहणारे झाले आहेत. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातून क्रमशः दिली. एकीकडे साप्ताहिक, दुसरीकडे पुण्यातील आनंदाश्रमाची व्यवस्था, तिसरीकडे नगरपालिकेचे काम. १९१९ साली ते गेले तेव्हा त्यांच्या मागे थोर कादंबऱ्या राहिल्या, तशा अपुऱ्याही राहिल्या. ‘कर्मयोग’ ही त्यांपैकीच एक. प्रत्येक अपुरेपणाचे कारण थकवाच होता असे मी म्हणणार नाही. पण दर आठवड्याला वाचकांपुढे ताट मांडणाऱ्या त्या गृहस्थाच्या स्वतःच्या कणगीत काय उरत असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

शेवटी थोडे स्वतःविषयी. मी मॅट्रिक झालेला साधा मास्तर. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी दरवर्षी मुलांचे एक नाटुकले लिहीत असे. वर्ग, वह्या, परीक्षा सांभाळून शेवटच्या पंधरवड्यात रात्री जागून. एका वर्षी पहिल्या प्रवेशापुढे अक्षर उमटेना. मी महिनाभर स्वतःला दोष दिला, आणि त्या वर्षी मुलांना नाटुकले मिळाले नाही. नाटकात राजा व्हावयाचा म्हणून आनंदलेला एक मुलगा मला काही बोलला नाही. त्याचे ते न बोलणे मला अजून आठवते. पुढील वर्षी मी उन्हाळ्याच्या सुट्टीतच आरंभ केला. पहाटे अर्धा तास, एक पान. अर्धा तास झाला की वही मिटावयाची, मग वाक्य अर्धे का असेना. दिवाळीपूर्वी नाटुकले पेटीत तयार होते. ते फार चांगले होते असे नाही, पण लिहिताना मला पुन्हा आनंद झाला होता.

म्हणून श्रोतेहो, आपल्या घरात कोणी असा हात थांबलेला असेल, तर त्याला ‘नेटाने काम कर’ असे सांगू नका. तो नेटानेच येथवर आला आहे. त्याला प्रथम थोडे दिवस खरोखर रिकामे बसू द्या. मग विचारा की, तुझ्या दोन कामांमधला बांध कोठे आहे, आणि कणगीत किती धान्य आहे? पाऊस लांबला तरी ज्याच्या कणगीत धान्य आहे, तो निश्चिंत झोपतो, आणि पेरणीच्या दिवशी ताजा उठतो.