टपालविक्री आणि राज्यांचा कर

अमेरिकेत विक्रीकर हा राज्यांचा विषय असल्याने परराज्यातून टपालाने मागवलेल्या मालावर तो कोणी वसूल करावा, हा प्रश्न अर्धशतकाहून अधिक काळ न्यायालयांत गाजत राहिला. अशा मालासाठी राज्यांनी ‘वापरकर’, म्हणजे बाहेर खरेदी केलेली वस्तू राज्यात वापरल्याबद्दल ग्राहकाने स्वतः भरावयाचा कर, लागू केला. परंतु घरोघरी जाऊन तो गोळा करणे अशक्यप्राय असल्याने त्याची वसुली विक्रेत्यावर सोपवण्याचा प्रयत्न झाला. मिसूरी राज्यातील ‘नॅशनल बेलास हेस’ ही कंपनी इलिनॉयमधील ग्राहकांना वर्षातून दोनदा सूचिपत्रे धाडीत असे. तेथे तिचे ना दुकान होते, ना विक्रेता, ना दूरध्वनी-सूचीत नोंद, म्हणून 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला वसुलीच्या सक्तीतून मुक्त केले. 1992 च्या ‘क्विल’ खटल्यात प्रत्यक्ष अस्तित्वाची ही कसोटी आंतरराज्य व्यापारविषयक घटनात्मक तरतुदीच्या आधारे कायम राहिली. पुढे इंटरनेटवरील विक्री वाढून राज्यांचा महसूल बुडू लागला, तेव्हा 2018 मध्ये ‘साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर’ खटल्यात न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती कसोटी रद्द ठरवली.