जुनं हॉटेल की नवं? ‘ऐतिहासिक’ हा शब्द तपासताना

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात उतरायचं ठरवलं की एक निवड करावी लागते: जुना पॅलेस की शेजारचा टॉवर? टॉवर १९७०च्या दशकातला, पॅलेस १९०३चा. पॅलेसमधली खोली साधारणपणे जास्त महाग, कारण ती ‘ऐतिहासिक’. आता फेलोशिपवर जगणाऱ्या आपल्यासारख्यांना ही निवड करायची वेळ बहुधा येणार नाही! पण ‘आधुनिक’, ‘पारंपरिक’, ‘ऐतिहासिक’ हे शब्द आपण संशोधन आराखड्यात सर्रास लिहितो. ते कोण, कधी आणि कशासाठी वापरतं, हे तपासायला हे उदाहरण फार उपयोगी आहे.

१९०३मध्ये जाऊ. १६ डिसेंबरला ताज उघडलं तेव्हा त्याच्याकडे इतिहास नव्हताच. समोर गेटवे ऑफ इंडियाही नव्हता. त्याची पायाभरणी १९११ची. विजेचे दिवे, लिफ्ट, अमेरिकेहून आणलेले पंखे ही ताजची ओळख. म्हणजे तेव्हा ताज हेच ‘नवं’ हॉटेल. जुनं आणि नावाजलेलं होतं ते काळा घोड्याजवळचं वॉटसन्स.

पण वॉटसन्ससुद्धा कधीतरी नवंच होतं की! त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून बोटीनं मुंबईत आणला आणि १८६०च्या दशकाच्या अखेरीस इथे उभा केला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती भारतात पहिल्यांदा दाखवल्या गेल्या, त्या याच हॉटेलात.

या दोन हॉटेलांना जोडणारी एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. जमशेटजी टाटांना वॉटसन्समध्ये प्रवेश नाकारला आणि त्या अपमानातून ताज उभं राहिलं. गोष्ट इतकी नेटकी आहे की तपासावीशी वाटत नाही. आणि नेमकं तिथेच थांबायला हवं. अनेक अभ्यासकांनी तिच्याबद्दल शंका घेतली आहे. जमशेटजींचे स्नेही आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक लोव्हाट फ्रेझर यांनी वेगळं कारण नोंदवलंय: लोकांनी भारतात यावं आणि मुंबई सुधारावी, ही जमशेटजींची इच्छा. त्यात १८९६पासून प्लेगनं शहराची दैना केली होती, हा संदर्भही लक्षात घ्या. युरोपियनांच्या हॉटेलांतला वर्णभेद खरा होता. पण भेदभाव होता म्हणून ही विशिष्ट घटना घडलीच, असं सिद्ध होत नाही. पार्श्वभूमी म्हणजे पुरावा नव्हे.

आता आजचं चित्र बघा. वॉटसन्स हॉटेल म्हणून कधीच बंद पडलं. इमारतीचं नाव एस्प्लनेड मॅन्शन झालं, आत लहान लहान खोल्या पाडून त्या भाड्यानं दिल्या गेल्या. २००५मध्ये तिचा काही भाग कोसळला. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडनं ती धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घेतली. तिकडे ताजचा पॅलेस २००८च्या हल्ल्यानंतर दुरुस्त होऊन २०१०मध्ये पुन्हा उघडला आणि २०१७मध्ये त्याच्या वास्तूच्या प्रतिमेला ट्रेडमार्कही मिळाला.

वयानं मोठं वॉटसन्स, तरी ‘ऐतिहासिक हॉटेल’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ताज. कारण नुसत्या वयावर कुणी ऐतिहासिक ठरत नाही. त्यासाठी डागडुजी लागते, पैसा लागतो आणि गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणारी संस्था लागते. वॉटसन्सच्या मागे अशी संस्था उरली नाही.

आपल्यासाठी धोका इथेच आहे. ज्याच्यामागे संस्था उभी, त्याची साधनं सहज हाती लागतात आणि प्रबंध नकळत त्याच बाजूला झुकतो. तेव्हा तुमच्या विषयातलं ‘ताज’ कोणतं ते ओळखा. मग त्याच काळातलं ‘वॉटसन्स’ शोधा आणि दोघांची साधनं शेजारी ठेवून वाचा. आराखड्यातलं ‘ऐतिहासिक’ हे विशेषण त्यानंतरच लिहा.