मिरीचं जहाज आणि जॅक्सनची तसबीर

'आधी अमेरिका' म्हणणारा नेता तिथे निवडून आला की आपल्यातल्या अनेकांना हायसं वाटतं. हा आपलं घर सांभाळेल, निदान बगदाद-काबूलला तरी सोडेल, असा तर्क असतो. मला तो पटत नाही.

२०१७ साली ट्रम्प यांनी आपल्या दालनात अँड्र्यू जॅक्सन यांची तसबीर लावली. जॅक्सन १८२८ मध्ये सामान्य गोऱ्या मतदारांच्या लाटेवर अध्यक्ष झाले. वॉल्टर रसेल मीड या अभ्यासकाने अमेरिकी परराष्ट्र धोरणाच्या चार परंपरा सांगितल्या. त्यातल्या एकीला जॅक्सनचंच नाव आहे. जगाला सुधारण्याची हौस नाही, पण कुणी डिवचलं तर हात राखून लढायचं नाही, अशी ती परंपरा.

१८३१ मध्ये सुमात्राच्या किनाऱ्यावर क्वाला बाटू इथे मिरी भरायला आलेलं 'फ्रेंडशिप' हे अमेरिकी व्यापारी जहाज स्थानिक मलय लोकांनी लुटलं. तीन खलाशी मारले गेले. जॅक्सन यांनी 'पोटोमॅक' ही युद्धनौका धाडली. आधी चौकशी करा, भरपाई मागा, असा कप्तान डाउन्स यांना हुकूम होता. त्यांनी नौकेला डॅनिश व्यापारी जहाजाचं सोंग दिलं आणि फेब्रुवारी १८३२ मध्ये वाटाघाटी न करताच सैनिक उतरवले. किल्ले पडले, गाव जळालं, शंभराहून अधिक माणसं मेली. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांतूनही टीका झाली, पण जॅक्सन कप्तानाच्या पाठीशी राहिले.

म्हणजे हे इस्लामशी वैर होतं का? तसंही म्हणता येत नाही. पुढच्याच वर्षी, १८३३ मध्ये, याच जॅक्सन सरकारने मस्कतच्या सय्यद सईद यांच्याशी व्यापारी करार केला. (त्या काळी झांजिबारही सय्यद सईद यांच्याकडेच होतं, करारामागची गणितं लक्षात यावीत म्हणून सांगितलं.)

दुसऱ्या महायुद्धानंतर ही परंपरा संपली नाही, मागे सरली. लोकशाही पसरवण्याची भाषा करणाऱ्यांनी २००३ मध्ये इराकवर स्वारी केली, ती मात्र ११ सप्टेंबरच्या हल्ल्याने खवळलेल्या याच मतदाराच्या बळावर. इराक चिघळलं तेव्हा तो मतदार आपल्याच नेत्यांवर उलटला. त्याला युद्ध नकोसं झालं नव्हतं, दुसऱ्यांचे देश उभारण्याचा उद्योग नकोसा झाला होता.

म्हणूनच ३ जानेवारी २०२० रोजी बगदाद विमानतळाजवळ इराणच्या कासिम सुलेमानींना ड्रोनने मारणारं आणि २९ फेब्रुवारीला दोह्यात तालिबानशी माघारीचा करार करणारं सरकार एकच होतं. आपण दोन्ही बातम्या वाचल्या, पण वेगवेगळ्या.