तारा जागचा हलू नये म्हणून

लंडनच्या पश्चिमेला ईलिंगमध्ये अँड्र्यू एन्स्ली कॉमन नावाचा एक इंजिनिअर राहायचा. दिवसा नळकाम-सांडपाण्याचा धंदा आणि रात्री आकाश. घराच्या बागेत त्याने ३६ इंची आरशाची दुर्बीण उभारली होती. ३० जानेवारी १८८३ च्या रात्री तिच्यातून त्याने मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा ३७ मिनिटांचा फोटो घेतला. त्याच दुर्बिणीला डोळा लावून जे तारे दिसत नव्हते, तेही काचेवर उमटले. पुढच्या वर्षी रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले.

या तेजोमेघाचा पहिला फोटो मात्र न्यूयॉर्कजवळच्या डॉ. हेन्री ड्रेपरने टिपला होता. ३० सप्टेंबर १८८० ची रात्र, ११ इंची भिंगाची दुर्बीण, ५१ मिनिटे. ड्रेपर काय, कॉमन काय, दोघे हौशीच. पण ही हौस खिसा भरलेला असल्याशिवाय परवडणारी नव्हती, हेही खरे.

कोरड्या जिलेटिन प्लेटा आल्या आणि तासन्‌तास उजेड साठवता येऊ लागला. आधीच्या ओल्या प्लेटा काही मिनिटांतच वाळून जात. आता अडचण उरली ती तारा जागेवर धरून ठेवण्याची. कॉमनच्या दुर्बिणीचे नाभीय अंतर साडेसतरा फूट होते. मृगाच्या भागात आकाश सेकंदाला १५ विकला सरकते. एवढ्या अंतरावर प्लेटवर ती सरक ०.४ मिलिमीटर भरते. म्हणजे दुर्बीण आकाशाबरोबर फिरवणारे घड्याळी यंत्र एक सेकंद अडखळले, की तारा संपला, रेघ सुरू! त्यात दातेरी चाकांतला बारीकसा दोष, वारा, कलताना किंचित वाकणारी नळी आणि क्षितिजाकडे जाताना हवेत वळणारा प्रकाश. घर्षण कमी करायला कॉमनने दुर्बिणीचा ध्रुवीय आस पाऱ्यात तरंगता ठेवला.

पण त्याची खरी हुशारी दुसऱ्याच गोष्टीत दिसते. एवढे अवजड धूड केसाएवढे हलवायचे तरी कसे? मग ते हलवायचेच कशाला, प्लेटच हलवावी! त्याने प्लेटची चौकट एकमेकींना काटकोनात सरकणाऱ्या दोन पट्ट्यांवर बसवली आणि तिच्या कडेला उभ्या-आडव्या तारांची नेत्रिका जोडली. निरीक्षकाने थंडीत कुडकुडत एक तारा त्या फुलीवर धरायचा. तो ढळला की हा स्क्रू, नाहीतर तो, हलकेच फिरवायचा आणि प्लेट ताऱ्यामागे न्यायची. हे काम तासभर, कधी त्याहून जास्त.

आयझॅक रॉबर्ट्सने वेगळी वाट धरली. लिव्हरपूलचा हा बांधकाम व्यावसायिक २० इंची आरशासोबत त्याच आसावर ७ इंची भिंगाची दुर्बीण चढवायचा. एक फोटोसाठी, दुसरी पहाऱ्यासाठी. १८८८ मध्ये त्याने टिपलेल्या फोटोंत देवयानीतल्या ‘तेजोमेघा’ची सर्पिल घडण दिसली. त्याला वाटले, ही जन्माला येणारी सूर्यमालाच. तो चुकला, पण फोटो चुकले नव्हते. जोडदुर्बिणीत एक खोट राहतेच: दोन नळ्या सारख्याच वाकतील याची खात्री नसते. आजही दोन मीटर नाभीय अंतराची दुर्बीण घेऊन बसणारा हौशी फोटोग्राफर याच पेचात सापडतो. छोटी दुर्बीण पाठीवर बसवायची, की मुख्य नळीतल्याच प्रकाशाच्या कडेचा एखादा तारा लोलकाने वळवून घ्यायचा? स्क्रू फिरवणारा हात जाऊन तिथे कॅमेरा आणि मोटर आली, पण दुसरा मार्ग मूळचा कॉमनचाच.

कॉमनने ती दुर्बीण १८८५ मध्ये हॅलिफॅक्सचा गालिचे-कारखानदार एडवर्ड क्रॉसलीला विकली. तिथल्या धुरकट हवेत तिचा फारसा उपयोग होईना, म्हणून क्रॉसलीने १८९५ मध्ये ती कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेला देऊन टाकली. ती वापरायला महाकटकटीची. जेम्स कीलरने मात्र नेटाने तिची दुरुस्ती केली, कॉमनची सरकती चौकट ठेवली आणि १८९८ पासून फोटो घ्यायला लागला. ज्या तेजोमेघाकडे कॅमेरा वळवावा, त्याच्या आसपास आणखी अनोळखी ठिपके उमटत. त्यावरून कीलरने अंदाज बांधला, की या एका आरशाच्या टप्प्यात १,२०,००० तेजोमेघ असावेत आणि त्यांतले बहुतेक सर्पिल.